चादरीचं दुसरं टोक

ग्वेन, तुझ्या भावाशी मी खोटं बोलले. तुझ्याशीही बोलले होते. तू गेलीस म्हणून ते खोटं मिटलं असं नाही, फक्त आता ते माझ्या एकटीकडे राहिलंय. म्हणून आधी तेच सांगते.

रीस तुला न्यायला मस्कतला आला तेव्हा विमानतळावर मीच गेले होते. तुझ्यासारखंच नाक, तुझ्यासारखीच उन्हात लगेच लाल होणारी मान. हॉस्पिटल, पोलीस, वकिलात, विमान कंपनी, सगळे कागद मी फाईलला लावून ठेवले होते. त्याने फक्त सह्या करायच्या होत्या. तो सारखा थँक्यू म्हणत होता. वादी अदाईच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा त्याने विचारलं, "शेवटच्या फोनवर ती म्हणाली, नवीन गाणी सगळी मोनिकाकडे आहेत. आहेत ना?"

सिग्नल हिरवा झाला. मागचा हॉर्न वाजवायला लागला.

"आहेत," मी म्हटलं.

नव्हती, ग्वेन. बरीचशी मी पुसून टाकली होती.

तू पहिल्यांदा लिनन रूममध्ये आलीस ते सुईदोरा मागायला. ओमानात गुरुवारची सुट्टी जाऊन शनिवारची आली, त्याच वर्षी. हॉटेलच्या लॉबीत संध्याकाळी गाणारी नवी बाई आलीय एवढंच आम्हाला ठाऊक होतं. तुझ्या झग्याची शिवण काखेत उसवली होती. मी म्हटलं, टेलर चारला येतो. तू म्हणालीस, मला माझं शिवता येतं. टॉवेलच्या गठ्ठ्यावर बसून तू टाके घालायला लागलीस आणि घालता घालता गुणगुणायला लागलीस. मग एकदम थांबलीस. वर पाहिलंस, चहूबाजूंच्या फळ्या पाहिल्यास, छतापर्यंत टॉवेल, चादरी, अभ्रे.

"या खोलीत आवाज घुमत नाही," तू म्हणालीस. "लॉबीतला संगमरवर माझ्या आवाजाची खुशामत करतो. इथे खरं काय ते कळतं."

मी म्हटलं, "शिवून झालं की सुई परत डब्यात ठेव."

दुसऱ्या दिवसापासून तू रोज दहा वाजता यायला लागलीस. ट्रॉल्या वरच्या मजल्यांवर गेलेल्या असायच्या आणि आम्ही लाँड्रीतून आलेल्या चादरींच्या घड्या करत असायचो. मी, केरळची लिसी, श्रीलंकेची चमरी. तुझा फोन बटणांचा. त्यात रेकॉर्डिंग होतं ते माशी अडकल्यासारखं. "मोनिका, तुझा फोन दे." मी द्यायची. तू कोपऱ्यातल्या बाथरोबच्या मागे जाऊन गायचीस, एकदा ऐकायचीस, मान हलवायचीस, फोन परत करायचीस, आमच्याबरोबर थोड्या घड्या करायचीस आणि निघून जायचीस. मला वाटायचं, रियाज चाललाय.

शुक्रवारी सकाळी चर्चमध्ये मिस्सा ऐकून आले की माझी साफसफाई असते. फ्रिज, औषधांचा डबा, फोन. बावीस वर्षं हाउसकीपिंगमध्ये काढली, वापरून झालेली वस्तू पडून राहिलेली मला बघवत नाही. फोन तर कायम भरलेला, माझ्या मुलीच्या, शेरिलच्या शाळेचे फोटो, वसईच्या नातेवाइकांचे गुड मॉर्निंग. त्या सगळ्याबरोबर तुझं रेकॉर्डिंगही जायचं. दर शुक्रवारी. अडीच वर्षं. किती गाणी होती ते मला सांगता येणार नाही. प्रत्येक मजल्यावरचे अभ्रे मला पाठ आहेत, तुझी गाणी मी कधी मोजली नाहीत.

मग एक दिवस तू सहज म्हणालीस, "सगळी ठेवली आहेस ना? बारा चांगली झाली की मी घरी जाऊन रेकॉर्ड करणार."

लिसी समोर होती. तिने माझ्याकडे पाहिलं. शुक्रवारची माझी सवय तिला माहीत होती.

"हो," मी म्हटलं.

तू हसलीस. "तुझ्याकडून साधी उशीची खोळ हरवत नाही. गाणं काय हरवणार."

त्या दिवसानंतर मी एकही पुसलं नाही. पण त्यानंतर तू तीनच गायलीस. ती तीन रीसला गेली आहेत. बाकीची कुठे आहेत, हे तो रोज सकाळी विचारत होता. "घाई नाही, सवडीने पाठवा," असं लिहायचा. घाई नाही असं लिहिणाऱ्या माणसाची मला जास्त भीती वाटते. फोन वाजला की मी तो टॉवेलखाली सरकवायची. पाण्याच्या बिलाचा मेसेज असला तरी.

तुझं गाणं म्हणजे काय होतं, ते मला कुणी नीट विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. मला तुझी ब्रेटनही येत नाही, वेल्शही येत नाही. तू सांगितलंस ते एवढंच माझ्या लक्षात राहिलं की तुझा ब्रेटन आजोबा, म्हणजे फ्रान्समधल्या ब्रिटनीचा, सायकलच्या हँडलला कांद्याच्या माळा अडकवून वेल्समध्ये दारोदार विकायचा. विकता विकता तिकडची भाषा शिकला. तिथल्याच एका गिऱ्हाइकाच्या मुलाने पुढे त्या कांदेवाल्याच्या मुलीशी लग्न केलं, म्हणजे तुझे आईवडील. मला ते पटकन समजलं, कारण आमच्याकडेही पांढऱ्या कांद्याच्या माळा होतात आणि माझी आजी डोक्यावर केळी नि भाजी घेऊन दारोदार जायची. "मग तुझ्या आजीने कुठली भाषा उचलली?" तू विचारलंस. मी म्हटलं, "गुजराती. भाव करण्यापुरती."

तुझ्या नावावर तीन रेकॉर्ड होत्या. दोन ब्रेटनमधल्या, एक वेल्शमधली. ब्रिटनीतल्या लोकांना तुझे उच्चार वेल्श वाटायचे आणि वेल्समधल्यांना फ्रेंच. जत्रांमध्ये, गावच्या हॉलमध्ये, नाचाच्या रात्री तू वीस वर्षं गायलीस. मग तिकडची बोलावणी कमी झाली आणि मस्कतच्या लॉबीत जेवणाऱ्यांसाठी इंग्रजी प्रेमगीतं गायचा करार आला. हे तू रडगाण्यासारखं कधी सांगितलं नाहीस. लॉबीत शेवटी फक्त वेटर उरले की एक गाणं तू आपलं म्हणायचीस. ते ऐकायला स्वयंपाकघरातली मुलंही दाराशी यायची, ट्रे हातात धरून.

निझव्याला गेलो होतो ते आठवतं? चांदीच्या दुकानातल्या म्हाताऱ्याने तुला विचारलं, कुठची? तू दोन्ही नावं सांगितलीस. तो म्हणाला, "असा देश नाही." तू म्हणालीस, "दोन आहेत." तो म्हणाला, "दोन्ही नाहीत." मग माझ्याकडे वळून, "तू केरळ?" मी म्हटलं, "वसई." त्याने तुझ्याकडे असं पाहिलं की जणू आपण दोघी मिळून त्याची थट्टा करतोय. गाडीत तू हसून हसून उचकी लागेपर्यंत हसलीस.

आता ते भांडण.

शाळेला सुट्टी होती म्हणून शेरिल एका सोमवारी माझ्याबरोबर हॉटेलात आली होती. दहावीत होती. ती माझ्याशी इंग्रजीत बोलत होती आणि मी तिच्याशी इंग्रजीत, माझ्या हॉटेलच्या इंग्रजीत. ती गेल्यावर तू विचारलंस, "तू तुझ्या आईशी फोनवर बोलतेस ती भाषा कुठे गेली?"

"ती वसईत. कादोडी. तिला काय करायचीय? मराठीच धड येत नाही तिला."

"माझी आई कोंबड्यांशी ब्रेटन बोलायची आणि आमच्याशी फ्रेंच," तू म्हणालीस. "मी कोंबड्यांच्या खुराड्यामागे बसून शिकले. तू निदान कोंबड्या तरी पाळ."

चमरी हसली. मला राग आला. मी म्हटलं, "तुझ्या भाषेने तुला कुठे आणून बसवलं? लॉबीत, लोक सूप पितात तिथे. माझ्या मुलीला मी लॉबीत बसवणार नाही."

 चादरीचं टोक तुझ्या हातात होतं, ते नीट जुळवून माझ्या हातात दिलंस आणि गेलीस. दुसऱ्या दिवशी दहाला पुन्हा आलीस, काही झालं नसल्यासारखी. मीही तशीच वागले. माफी मागायची राहिली. मला ती मागता येत नाही. कामाचं बोलत राहिलं की बाकीचं आपोआप मिटतं, अशी माझी समजूत आहे. काही वेळा मिटतंही.

हॉस्पिटलमध्ये तू तीन दिवस होतीस. दुसऱ्या दिवशी मी सांगायचं ठरवून आले होते. नाइटी, टूथब्रश, सुका मेवा असं सगळं आणलं, आणि वाक्यही गाडीत पाठ करून आणलं होतं. तू डोळे उघडलेस आणि मी तोंड उघडायच्या आत विचारलंस, "गाणी नीट आहेत ना?"

"नीट आहेत. लिनन रूममधून काही हरवतं का?"

नर्स आली. मी टूथब्रश कपाटात ठेवला. तिसऱ्या दिवशी मला आत सोडलं नाही.

तुला पाठवून दिल्यावर आठव्या दिवशी मी रीसला खरं लिहिलं. चार वाक्यं. सतरा वेळा लिहून पुसली, पुसण्यात माझा हात कोण धरणार. त्याचं उत्तर संध्याकाळी आलं, "समजलं." एवढंच. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मी रविवारी कामावर गेले आणि लिसीला सांगितलं.

लिसी चादर झटकत होती. "चेची," ती म्हणाली, म्हणजे ताई, मला ती अशीच हाक मारते, "फोनमधून गेलं. आपल्यातून कुठे गेलंय?"

मला पहिल्यांदा तिचं म्हणणं समजलं नाही. तिने चमरीला खूण केली. दोघींनी एक बाथ टॉवेल दोन बाजूंनी धरला. लिसीने एक ओळ टाकली. ती संपता संपता तिची शेपटी चमरीने उचलली, शेवटचे दोन शब्द दोघींनी बरोबर म्हटले आणि मग तीच ओळ चमरीने पुरी म्हटली. तिचं टोक पुन्हा लिसीने घेतलं. टॉवेलची घडी झाली.

तूच शिकवलं होतंस हे. तुमच्याकडे नाचाला दोघं गातात, एकाने टाकायचं, दुसऱ्याने टोक धरायचं, मध्ये श्वासाची फट ठेवायची नाही, नाहीतर नाचणाऱ्यांचे पाय अडखळतात. तू म्हणालीस, चादरीची घडीही तशीच असते, एकीच्या हातातलं दुसरीच्या हातात, जमिनीला लागू न देता. आम्हाला ते कामापुरतं बरं वाटलं. हात भराभर चालायचे. बाथ टॉवेलला जलद गाणी, अभ्र्यांना ती टाळीची, सिंगल चादरीला मधली. प्रत्येक ओळ आम्ही तुझ्यामागून म्हणत होतो, अडीच वर्षं, अर्थ न विचारता. मला ते गाणं वाटत नव्हतं, घडी करण्याची रीत वाटत होती. म्हणून मी ते पुसलं, आणि म्हणूनच ते राहिलं.

तीन दिवस आम्ही टॉवेल काढून, मोडून, पुन्हा घड्या केल्या. घडी केली की गाणं येतं, नुसतं बसून आठवायला गेलं की येत नाही. लाँड्रीवाला म्हणाला, "मॅडम, हे काल धुतलेले आहेत." मी म्हटलं, "तू तुझं काम बघ." सात निघाली. शब्द म्हणजे आमच्या तोंडात बसलेले आवाज, एका मल्याळी, एका सिंहली आणि एका वसईच्या तोंडातले. तुझ्या भाषेचं त्यात काय उरलं असेल देव जाणे. माझ्या फोनवर रेकॉर्ड करून ती पाठवली. रीसला लिहिलं, हे एवढंच आहे.

दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी त्याने लिहिलं, "मला ब्रेटन कमी येतं. आईला ऐकवलं." खाली एक आवाजाची फाईल. इथे इंटरनेटवरून थेट बोलायला बंदी आहे, पाठवलेला आवाजच ऐकायचा. आम्ही तिघी फोनवर वाकलो. आधी खोकला. मग खुर्ची सरकल्याचा आवाज. मग तुझ्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या आईने लिसीची पहिलीच ओळ म्हटली. मध्ये थांबली, एक शब्द वेगळा म्हटला, तोच पुन्हा म्हटला, शाळेत बाई म्हणतात तसा सावकाश. मग पुढची ओळ.

"म्हातारी आपल्या चुका काढतेय," लिसी म्हणाली.

"काढू दे," मी म्हटलं. "काढता येताहेत म्हणजे कळताहेत."

तेव्हा मी टॉवेलच्या गठ्ठ्यावर बसले. 

सहा गाणी तिने नीट लावून दिली. सातव्यातली दोन कडवी तिला लागत नाहीत, ती वेल्श असावीत, ती रीस बघतोय. तो माझ्यावर रागावलाय. तसं त्याने लिहिलंही, "मी रागावलो आहे, पण पाठवत राहा." मला हे बरं वाटलं. रागावलेल्या माणसाशी काम करता येतं.

आठवं मात्र लिसीकडे नव्हतं, चमरीकडेही नव्हतं. शनिवारी त्या दोघींची सुट्टी, तेव्हा किंग साइझ चादरी तू आणि मी करायचो. त्या संथ गाण्याला टोक धरणारी मी एकटीच. तेही पुरं झालेलं नव्हतं. शेवटच्या शनिवारी तू म्हणालीस, शेवटचं कडवं पुढच्या आठवड्यात. मी चार दिवस लिनन रूमचं दार लावून प्रयत्न केला. लिसीबरोबर केला. येईना. तिचे हात जलद आहेत. त्या चादरीला सावकाश चालत यावं लागतं, समोरच्या बाईच्या तोंडासमोर उभं राहावं लागतं, आणि मग टोक द्यावं लागतं. रोज वाटायचं, आज थोडं कमी आठवलं. काल होती ती ओळ आज नाही. झोपेतून उठल्याबरोबर मी ते म्हणून बघायची आणि स्वयंपाकघरात जाईपर्यंत त्यातलं काही गळलं का ते तपासायची.

काल गुरुवारी मी हॉटेलची एक किंग साइझ चादर सही करून घरी आणली. आज मिस्सा झाल्यावर फ्रिज साफ केला नाही. शेरिलला हाक मारली. ती आता कॉलेजला आहे, सुट्टीला आलीय.

"मम्मा, व्हॉट इज धिस?"

"ते टोक धर."

"का?"

"धर म्हणते ना."

हॉलमधलं टेबल बाजूला सारलं. फोन टीव्हीवर ठेवला, चालू करून. मी ओळ टाकली. तिने चादर ओढली. मी इंग्रजीत सांगितलं, ओढू नकोस, सावकाश चालत ये. ती धावत आली. पुन्हा सांगितलं. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी माझा तोल गेला आणि मी तिच्यावर ओरडले, आणि ओरडले ते कादोडीत. माझी आई मला ओरडायची तसंच, तेच शब्द. शेरिल थबकली. मग हसली आणि तोडकंमोडकं का होईना, त्याच बोलीत उलट बोलली. कुठून आलं तिला? वसईच्या उन्हाळी सुट्ट्यांमधून आलं असणार, आजी कोंबड्यांना हाकलते तेव्हा ऐकलेलं.

त्यानंतर ती सावकाश चालत आली. माझ्या ओळीची शेपटी तिने पकडली, चुकीची पकडली, पण फट पडू दिली नाही. आणि मला पुढची ओळ आली. मग तिच्या पुढची. चादर चारदा मोडली, चारदा घडी केली. तू जिथे थांबली होतीस तिथपर्यंत आम्ही पोचलो.

तू म्हणाली होतीस ते बरोबर होतं की नाही, ते मला अजून ठरवता येत नाही. शेरिलला नोकरी इंग्रजीवरच लागणार आहे, हे मी तुला आजही सांगेन. पण लॉबीचं जे बोलले ते बोलायला नको होतं. ते मी मागे घेते.

रेकॉर्डिंगमध्ये माझं ओरडणं आलंय, शेरिलचं हसणं आलंय, खालच्या रस्त्यावरचा गॅसवाला आलाय. तेवढं कापावं म्हणून बसले, पण मला कापता येत नाही, फक्त पुसता येतं. म्हणून आहे तसं पाठवलं. शेवटचं कडवं नाही, तिथे नुसता चादरीचा आवाज आहे. खाली तुझ्या आईसाठी लिहिलं, गाणं इथवरच आहे, पुढे तिने थांबवलं होतं.

रीसने ऐकलंय, निळी खूण आलीय. उत्तर नाही. तुमच्याकडे आता दुपार असेल, तो आईकडे फोन घेऊन गेला असेल. ती पुढची ओळ टाकेल किंवा टाकणार नाही, ते तिच्यावर. चादर मी अजून ठेवून दिलेली नाही. एक टोक शेरिलच्या खुर्चीवर आहे, दुसरं माझ्या हातात.